दसऱ्याला चढणारे टायर

मागच्या चाकांनी ढकलणारी गाडी बर्फात चालत नाही, असं इथे मिशिगनमध्ये सगळे म्हणतात. म्हणू देत. मी इथे तीस वर्षं टायर बसवले आणि घरची गाडी कायम मागून ढकलणारीच ठेवली. चार नीट टायर घाला, चारही बर्फाचे, चारही एकाच जातीचे, आणि पाय हलका ठेवा. गाडी जाते. अडतो तो चालवणारा.

पण यंदा मीच चुकलो. दुसऱ्याला जे ओरडून सांगत आलो तेच स्वतः केलं नाही, आणि त्यापायी माझं राहतं घर सुटायची वेळ आली. ते कसं झालं ते लिहितो.

मी सातवी शिकलेला. कराडला ट्रकच्या गॅरेजात वाढलो. बायको नर्स. ती आधी अमेरिकेत आली, दोन वर्षांनी तिच्या मागून मी आलो. इथली मराठी माणसं डॉक्टर, इंजिनियर. गणपतीला भेटले की विचारायचे, "आपण कुठे असता?" मी सांगायचो, "टायरच्या दुकानात. टायर बसवतो." मग समोरचा माणूस आपल्या प्लेटमधल्या वड्याकडे बघायला लागायचा. पहिला बर्फ पडला की त्याच माणसाचा फोन यायचा. "जरा विचारायचं होतं, टायर दोन घेऊ का चार?"

मी चारच सांगायचो. कारण दोनची चूक मी करून बसलो होतो.

आमची इथली पहिली गाडी एक जुनी लांबडी स्टेशन वॅगन होती, मागून ढकलणारी. मला ती बघताच आवडली. ट्रक, जीप, अँबॅसेडर, आयुष्यात हात लावला ते सगळं मागूनच ढकलणारं होतं. पहिल्या हिवाळ्यात मी डोकं चालवलं. जोर मागच्या चाकांना, मग बर्फाचे टायरही मागेच. दोन घेतले. डिकीत वजन पाहिजे म्हणून तांदळाची दोन पोती टाकली. गाडी चढावर अशी चढायची की शेजारचा बघत राहायचा.

आठवड्याभरात बायको म्हणाली, "अहो, गाडी चालते छान, पण वळत नाही."

"वळत नाही म्हणजे काय? तू स्टिअरिंग गपकन फिरवतेस."

"मी हळूच फिरवते. मी इकडे फिरवते आणि ती तिकडेच जाते."

"नवीन आहेस, येईल अंगवळणी."

तिला माझ्याआधी लायसन्स मिळालं होतं, तरी मी हे बोललो. रविवारी सकाळी तिने हॉस्पिटलच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी नेली, बर्फ तसाच पडून होता, आणि किल्ली माझ्या हातात दिली. "चालवा. त्या खांबापाशी वळवा."

मी चालवली. खांबापाशी स्टिअरिंग फिरवलं. पुढची चाकं वळली, गाडी वळली नाही. मागून ती दोन पोती आणि दोन झकास टायर मला ढकलत होते आणि पुढची चाकं साबणावर ठेवल्यासारखी. ब्रेक दाबला तर तेही तसंच. सरळ जाऊन बर्फाच्या ढिगात नाक खुपसलं. बायको खांबापाशी उभी होती. हसून हसून खाली बसली.

"आता सांगा," म्हणाली, "गपकन कोण फिरवतंय?"

दुसऱ्या दिवशी पुढचे दोन टायर आणले. गाडी ढकलायला मागची चाकं लागतात, पण वळवायला पुढची लागतात आणि थांबवायला चारही लागतात. मला हे दुकानात कोणी शिकवलं नाही. बायकोने शिकवलं. आठवडाभर ती त्या गाडीतून ड्यूटीला जात होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

टायर कधी बदलायचे, हा नियमही तिचाच. लोक बर्फ पडायची वाट बघतात. बर्फाचा संबंध नंतर, आधी थंडीचा. पारा इथल्या फॅरनहाइटच्या पंचेचाळीसखाली, म्हणजे आपल्याकडच्या सातखाली, राहायला लागला की साधं रबर कडक होतं. बर्फाच्या टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, म्हणून ते रस्ता धरतं. हे मी तिला समजावत होतो तर ती म्हणाली, "मी दिवसभर लोकांचे थर्मामीटर बघते. घरी आणखी एक नको. दसऱ्याला चढवा, गुढीपाडव्याला उतरवा. लक्षात राहील."

आणि खरंच, मिशिगनचा हिवाळा दसरा ते पाडव्यात बरोबर बसतो. मग तशीच रीत पडली. खंडेनवमीला मी गॅरेजात जॅक, पाने, हवेचा पंप ओळीने मांडायचो. ती हळदकुंकू लावायची, कुंडीतली झेंडूची फुलं ठेवायची. टायर चढवायचे, चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि गाडी लिंबं चिरडत बाहेर काढायची. पाडव्याला टायर उतरवून धुवायचे. मग ती पिवळा खडू घेऊन प्रत्येक टायरवर लिहायची, पुढच्या वर्षी हा कुठे जाणार ते. पुढचे मागे, मागचे पुढे, म्हणजे झीज सारखी होते. मराठीत लिहायची. मग काळ्या पिशव्यांत घालून तळघरात.

ती रिटायर झाली तेव्हा आताची गाडी घेतली, चंदेरी रंगाची, तीही मागून ढकलणारी. ह्या वेळी तिनेच निवडली. मुलगा तेव्हाही म्हणाला होता, "आई, ऑल-व्हील ड्राइव्ह घ्या ना." ती म्हणाली, "तुझ्या बाबांना चारही चाकं ढकलणारी गाडी दिली तर त्यांना काम काय उरणार?"

यंदा जूनमध्ये ती गेली. पोटाचा आजार होता. शेवटचे तीन आठवडे घरीच होती.

वर्षभर सण करायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. गोडधोड नाही, तोरण नाही. मी पाळलं. गणपती आणला नाही. दसरा आला, मी गॅरेजचं दार उघडलं नाही. जॅकला फूल नाही, पान्याला कुंकू नाही. टायर तळघरातच राहिले. दसरा नाही म्हणजे टायर नाहीत, इतकं ते एकात एक बसलं होतं. निदान तेव्हा मी स्वतःला तसंच सांगितलं.

आमचा एकुलता एक मुलगा कॅलिफोर्नियात असतो, फ्रीमाँटला, कम्प्युटरच्या कामात. तो दर रविवारी फोन करायचा.

"बाबा, इकडे या आता. इथे बर्फ नाही, काही नाही."

"तिथे येऊन मी काय करू?"

"काही करू नका. आराम करा."

"तेच तर."

त्याचं घर चांगलं आहे. खालच्या मजल्यावर माझ्यासाठी खोली ठेवली आहे. सूनही प्रेमाने बोलवते. पण तिथे मी पाहुणा. दुकानात जायचं तरी कोणीतरी नेणार. इथे ह्या घराचा खिळा न् खिळा मी ठोकलेला आहे. ती ज्या खुर्चीत बसायची ती इथे आहे. मला इथेच राहायचं होतं. आणि इथे गाडीशिवाय माणूस राहू शकत नाही, सगळं तिथे येऊन अडतं.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मुलगा एकटाच यायला निघाला. "चार दिवस येतो, बाबा." मला कळलं, हा मला भेटायला येत नाही, मला तपासायला येतोय. फरशी पुसली, फ्रिज साफ केला, औषधांच्या डब्या ओळीने लावल्या. टायर मात्र विसरलो.

विमानतळ आमच्याकडून तासाभरावर. दुपारी निघालो तेव्हा रस्ता कोरडा होता. त्याला घेऊन परत निघालो आणि बर्फ सुरू झाला. माझ्या खाली बारमाही टायर, तेही झिजायला आलेले. मोठ्या रस्त्यावर मी हळूच होतो. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही अजून बरे चालवता." मी म्हटलं, "अजून म्हणजे?"

तेवढं बोललो आणि आमच्या गावाचा उतार आला, गोल वळून खाली जाणारा. अर्ध्या वळणावर गाडीचं ढुंगण बाहेर गेलं. मी पाय उचलला, स्टिअरिंग त्याच बाजूला दिलं, सरळ झाली. मला वाटलं सांभाळली. मग ती दुसऱ्या बाजूला गेली, आणि त्या बाजूला गेली ती गेलीच. पूर्ण गोल फिरून, आलो त्या दिशेला तोंड करून कडेच्या गवतात थांबलो. कुठे आपटलो नाही. मागून कोणी येत नव्हतं.

वायपर चालू होते. मुलाचा हात दाराच्या वरच्या मुठीला घट्ट.

"बाबा," तो म्हणाला.

"काही झालं नाही."

"बाबा, बस्स झालं. दिस इज इट. तुम्ही माझ्याबरोबर येताय."

घरी येऊन बूट काढायच्या आधी त्याने फोन काढून माझं तिकीट केलं. रविवारचं, त्याच्याच विमानात. मला विचारलंही नाही. मी स्वयंपाकघरात चहा ठेवला. साखर घालायची दोनदा विसरलो.

"टायर नव्हते म्हणून झालं," मी म्हटलं. "गाडीची चूक नाही, माझ्या हाताची चूक नाही. टायर नव्हते."

"मग का नव्हते? बाबा, तुम्ही! सगळ्या मिशिगनला तुम्ही भाषण देता. कुणी दोन घेतले तर त्याच्या बायकोला फोन करून सांगता. आणि तुमच्याच गाडीला नाहीत?"

"यंदा दसरा नव्हता."

तो बघत राहिला. "म्हणजे?"

"सण नाही ना यंदा. वर्ष व्हायचंय तिला."

"टायर म्हणजे सण आहे का?" तो ओरडला. "आई असती तर काय म्हणाली असती?"

उत्तर मला ठाऊक होतं. माझी आई गावाला वारली त्या वर्षीही आमच्याकडे दसरा नव्हता. तेव्हा हिने फुलं आणली नाहीत, कुंकू लावलं नाही, पण टायरच्या पिशव्या स्वतः ओढत वर आणल्या आणि म्हणाली, "पूजा राहू दे. चाकं बदला." म्हणजे रीत काय आणि रबर काय, हे आमच्या घरात केव्हाच ठरलेलं होतं. मला ते आठवत नव्हतं असं नाही. मला तळघरात जायचं नव्हतं.

चहा गार झाला. मी म्हटलं, "चल खाली."

चार पिशव्या भिंतीला लागून उभ्या होत्या. मी पहिली सोडली. पिवळा खडू. "पुढे डावं." दुसऱ्यावर "पुढे उजवं." पाडव्याला तिला उभं राहवत नव्हतं. तरी गॅरेजात खुर्ची टाकून बसली, मी एकेक टायर तिच्यापुढे गोल फिरवत आणला आणि तिने लिहिलं. मी म्हटलं होतं, राहू दे, मी लिहितो. तर म्हणाली, "तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नाही."

मुलगा खाली उकिडवा बसला. त्याला मराठी वाचता येतं, पण एकेक अक्षर लावत. आईनेच शिकवलेलं. तिसऱ्यावर बोट ठेवून त्याने वाचलं, "मा-गे डा-वं." मग चौथी पिशवी सोडली. "मा-गे... उ-ज..." त्याने मान वर केली. "पुढचं पुसलंय का?"

"नाही. लिहिलंच नाही. हात दमला. म्हणाली, तेवढ्यावरून कळेल तुम्हाला."

मग मुलाने नाक पुसलं आणि उठला. एकदम वेगळ्या आवाजात म्हणाला, "बाबा, हे घालू या. उद्या सकाळी. मी जॅक लावतो. बघा, ट्रेड आहे की अजून."

नक्षी होती. मी टायर उजेडात आणला. कडेवर चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात आणि कोणत्या साली टायर बनला ते सांगणारे. मला ते वाचायची गरज नव्हती. आठ हिवाळे झाले होते. नक्षीच्या ठोकळ्यावर अंगठ्याचं नख रोवलं. बर्फाच्या चांगल्या टायरमध्ये नख रुतायला पाहिजे. रुतलं नाही. तळघराच्या उबेतही कडक, मग बाहेर विचारायलाच नको. बुडाशी बारीक भेगाही होत्या. पाडव्याला धुतानाच मी त्या पाहिल्या होत्या. तिच्यासमोर बोललो नव्हतो.

"हे संपलेत," मी म्हटलं.

"एक सीझन काढतील ना, बाबा. आईने लिहिलंय."

"तुझ्या आईला मी ह्या टायरांवर बसवलं नसतं."

ते बोललो आणि माझं डोकं जागेवर आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला नक्की माहीत होतं की उद्या सकाळी काय करायचं.

मी त्याला तिथेच सांगितलं. "ऐक. उद्या नवे टायर घालतो. मग गाडी तू चालव. तुला पाहिजे तिथे, पाहिजे तशी. तुला पटलं नाही तर किल्ली तुझी, रविवारी मी बॅग भरतो, एक शब्द बोलणार नाही. पटलं तर तिकीट रद्द."

"आणि ऑल-व्हील ड्राइव्ह?"

"चारही चाकं ढकलणारी गाडी निघते लवकर. थांबताना, वळताना तिलाही टायरच लागतात. तू मघाशी वळताना घाबरलास, निघताना नाही."

तो म्हणाला, "ओके. डील." पण तिकीट रद्द केलं नाही. माझाच मुलगा.

सकाळी त्या चारही पिशव्या गाडीत टाकून माझ्या जुन्या दुकानात गेलो. मुलगा चालवत होता, गोगलगायीसारखा. मालक केव्हाच गेला, आता त्याची मुलगी दुकान बघते. ती लहान असताना माझ्या डब्यातली पोळी खायची. मला बघून काउंटरच्या मागून बाहेर आली, मिठी मारली. बायकोला जूनमध्ये पोचवायला आली होती, तेव्हापासून भेट नव्हती. डोळे पुसून मग तिने तोंड गंभीर केलं आणि विचारलं, "बोला साहेब, दोन की चार?"

दुकानातले सगळे हसले. ह्या प्रश्नावर मी किती गिऱ्हाइकांवर ओरडलो होतो ते त्यांनी ऐकलं होतं.

तिने गाडीवर होते तेवढ्याच रुंदीचे दाखवले. मुलाला ते आवडले, म्हणाला, रुंद म्हणजे जास्त ग्रिप ना? मी म्हटलं, बर्फात उलटं. रुंद टायर बर्फावर चढून बसतो, तरंगतो. अरुंद टायर बर्फ कापून खाली रस्त्याला लागतो. सुरीच्या धारेने लोणी कापतोस का पात्याने थोपटतोस? माझ्या हिवाळी रिमा एक इंच लहान होत्या, त्यावर उंच अंगाचा, अरुंद टायर बसतो. खड्ड्यातही रिम वाचते. कडेवर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी, ही खऱ्या बर्फाच्या टायरची खूण बघितली. चिखल-बर्फाची म्हणून नुसती 'एम-एस' अक्षरं छापलेली असतात त्यावर मी जात नाही. बनल्याचं साल बघितलं, यंदाचंच. नख रोवलं. रुतलं. चार सांगितले.

जुने टायर रिमेवरून निघाले. मालकाची मुलगी म्हणाली, ही अक्षरं तुमच्या बायकोची ना? हवं तर एखादा ठेवून घ्या. मुलाने रात्रीच चारांचे फोटो काढले होते. मी म्हटलं, नको. त्यांचा भुगा करून लहान मुलांच्या झोपाळ्याखाली टाकतात, पडलं तर लागू नये म्हणून. बायको नर्स होती, तिला हेच पटलं असतं. मी चारही टायरांवरून एकदा हात फिरवला आणि बाहेर येऊन उभा राहिलो. बाहेर थंडी फार होती, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं मी म्हणणार नाही. आलं ते आलं.

बंद पडलेल्या एका मोठ्या दुकानाचं पार्किंग आहे गावाबाहेर. तिथे अजून कोणी बर्फ काढला नव्हता. मुलगा चालवायला, मी शेजारी.

"जोरात जा."

"बाबा..."

"जा. आता ब्रेक. पूर्ण दाब." गाडी कुरकुरली आणि थांबली. "आता वळ." वळली. "आता वळताना मुद्दाम जास्त गॅस दे." मागचं अंग जरा सरकलं. तो किंचाळला. "पाय उचल. बघ कुठे जायचं तिकडे." गाडी सरळ झाली. तो दम खाऊन म्हणाला, "परत करू?" त्याने परत केलं, सात-आठ वेळा. शेवटी शेवटी हसत होता, आणि हसताना त्याच्या आईसारखा एका बाजूला कलत होता.

मग इंजिन चालू ठेवून तसाच बसला.

"बाबा, पडलात तर? घरात?"

"त्याला टायर नाहीत," मी म्हटलं. "ते तू म्हणशील ते करू. पडल्यावर दाबून मदत बोलवायचं ते बटण गळ्यात घाला म्हणालास तर घालतो. रोज फोन कर. पण गाडी चालते. गाडीचं नाव घेऊन मला नेऊ नकोस."

त्याने फोन काढला. थोडा वेळ बोटं चालवली. "कॅन्सल केलं," म्हणाला. "तुमचं. पण जानेवारीत दोन आठवडे यायचं. आणि बटण मी आजच मागवतोय."

"मागव."

रविवारी त्याला विमानतळावर सोडायला मीच गेलो. पुन्हा बर्फ होता. उताराच्या वळणावर त्याने दाराची मूठ धरली नाही, पण हात तिच्याजवळ ठेवला. उतरताना पाया पडला, भर गर्दीत, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना. म्हणाला, "पोचलात की फोन करा."

चाकं नव्याने चढवली की पन्नासेक मैलांनी नट पुन्हा आवळायचे असतात. गिऱ्हाइकं हे कधी करत नाहीत, घाई असते. परत येताना पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी घेतली, डिकीतून पाना काढला, एक गुडघा बर्फात टेकला आणि चारही चाकांचे नट एकेक करून बघितले. मागच्या उजव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला. बाकीचे घट्ट होते. मग घरी येऊन मुलाला फोन केला.